तारखेवाचून दार उघडिले: व्हीबेहोमच्या बोटीची मोहीम

समस्त सुज्ञ, रसिक, आणि अर्धाच पत्ता टंकून पुरते पान उघडावे ऐसी उमेद बाळगणाऱ्या तमाम रयतेचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, डेन्मार्क मुलुखात, फ्यून प्रांताचे दक्षिणेस, क्लिंटेबी बंदरी जी मोहीम जाहली तिची हकीकत लोक नानापरी सांगतात. कोणी म्हणतात, मोहीम वाऱ्याशी होती. कोणी म्हणतात, जलमार्ग मंडळाशी होती. बंदरावरील मासळीवाला तर म्हणतो की, मोहीम कसली नि काय, एका बाईने एक प्रश्नचिन्ह टंकिले आणि गावभर बोभाटा जाहला. ऐसे लोकापवाद पुढील पिढीच्या कानी जाऊ नयेत, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातले असेल, ते चवीपुरतेच.

क्लिंटेबी बंदरी बोटींची कचेरी. इमारत लाल विटांची, दाराशी सायकलींची दाटी, आणि आसपासच्या बेटांवर त्या कचेरीचा अंमल. कोणती बोट कोणत्या बेटास केव्हा जाणार, वारा भारी म्हणोन आज राहिली की सुटली, याचा सर्व बंदोबस्त तेथून होत असे. कचेरीचे कारभारी राजमान्य राजश्री एबे लाउरित्सेन. मनुष्य उंच, मवाळ, दिलदार. चष्मा कपाळावर चढवोन तोच चष्मा टेबलावर धुंडाळणारा. आलेख काढण्याचा षौक त्यांस इतका की, घरचे मांजर कोणत्या महिन्यात किती खाते याचाही आलेख शीतकपाटावर चिकटविला होता. आणि वेबसाइटचा किल्ला सांभाळावयास सिडसेल ब्रानरुप, प्रोग्रामर. बुद्धी तल्लख, शिस्त करडी. राय धान्याचा पाव कापील तोही कडेस कड लावोन. कचेरीत प्रोग्रामर ती एकलीच. म्हणोन सेनापती तीच, तोफखाना तीच, आणि काही बिघडले तर दाणादाण उडणारी फौजही तीच.

मे महिन्यात जुनी वेबसाइट पाडोन नवी उभारिली. जुन्या साइटीवरील पत्ता अगदी गरिबीचा: 'बोटी/व्हीबेहोम'. बेटाचे नाव टंकिले की त्या दिवसाच्या बोटी दिसत. नवी इमारत चढू लागली तेव्हा राजश्री एबे यांनी फर्माविले की, छापील वेळापत्रकात आधी तारीख, मग बेट, हा वडिलार्जित शिरस्ता. तोच पत्त्यातही चालवावा. सिडसेल हिस हे मानवले. तिच्या मनी ऐसे की, तारखेवाचून प्रवासास कोण निघतो? जो तारीख सांगत नाही त्यास कोठे जाणेच नाही. मग नवा पत्ता ठरला तो ऐसा: 'बोटी/तारीख/व्हीबेहोम'. नमुन्यात जागा नेमून दिल्या आणि नव्या फ्रेमवर्काच्या हवाली केल्या. फ्रेमवर्क म्हणजे साइटीचा सांगाडाही तोच आणि दारावरील चोपदारही तोच. बाहेरून पत्ता आला की नमुन्याशी ताडून पाहतो. बरहुकूम असेल तर आतले पान पुढे करितो, नसेल तर 'पान सापडले नाही' इतके बोलोन पाठ फिरवितो. लाच घेत नाही, डोळे ओले करोन दाखविले तरी द्रवत नाही. ऐसा इमानी चाकर मिळाला म्हणोन सिडसेल बहुत खुशाल होती.

येणेप्रमाणे उन्हाळा सरला आणि ऑक्टोबर आला. वारा फिरला, झेंड्यांच्या दोऱ्या रात्रंदिन खांबास आपटू लागल्या, आणि हिवाळी वेळापत्रकाची मसलत निघाली. मंगळवारी सकाळी कॉफीच्या वेळेस राजश्री एबे एक ताजा आलेख घेवोन सिडसेलच्या टेबलाशी खासा चालोन आले.

"हे बघ," एबे म्हणाले, "कुठल्या बेटाच्या बोटी किती लोक साइटवर बघतात, ते काढलंय. आणि ही खालची रेघ म्हणजे व्हीबेहोम."

"रेघ कुठं दिसते?"

"तेच तर! अक्षाला चिकटलीय. मे महिन्यापासून एक माणूस पान उघडत नाही. गुरुवारी मंडळाची बैठक आहे. व्हीबेहोमची संध्याकाळची बोट हिवाळ्यात बंद करा म्हणून सांगणार आहे मी."

"बेटावर माणसं राहतात ना, एबे?"

"राहतात की. खुशाल राहोत. पण रेघ काय म्हणते? रेघ म्हणते, त्यांना कुठं जायचंच नाहीये."

येथे वाचकांनी एबे यांस दुष्ट समजू नये. बेटकऱ्यांस वर्षाचा पास, त्यांचे तिकीट फाटत नसे, म्हणोन कोण किती फिरतो हे कळावयास कारभाऱ्यांपाशी आलेखच काय तो आधार. आणि आलेख लबाड नव्हता. जे दिसले तेच त्याने काढिले. कप्तान योर्न, जो त्या मार्गावर बोट हाकीत असे, त्यास पुसिले असते तर उलगडा जाहला असता. परंतु कप्तान हा मितभाषी मनुष्य, आणि एबे यांस आलेखाहून बोलका साक्षीदार ठाऊक नव्हता.

त्याच दिवशी दुपारी कचेरीचा फोन वाजला. फोन घेणारी बाई रजेवर, म्हणोन तो सिडसेलने घेतला. येथून मोहिमेस तोंड लागले.

"बोटींची कचेरी ना? कोण बोलतंय?"

"सिडसेल. वेबसाइट मी बघते."

"वा, म्हणजे तुलाच शोधत होते मी! मी गुड्रून मोल्गोर, व्हीबेहोमहून. अगं, तुमचं पान हरवलंय. मे महिन्यात हरवलं ते अजून सापडलेलं नाही."

"पान? काय दिसतं तुम्हाला नक्की?"

"'पान सापडले नाही.' रोज बघते मी. म्हटलं, आज तरी सापडलं असेल. शोधताय ना तुम्ही लोक?"

सिडसेल म्हणाली, "गुड्रूनबाई, मे महिन्यापासून रोज बघताय?"

"दिवसातून दहा वेळा. आमच्याकडे सगळेच बघतात. नाही सापडलं की धक्क्यावर जाऊन उभे राहतो. बोट आली तर आहे, नाही आली तर नाही. जुनी पद्धत आहे, पण कधी चुकत नाही. फक्त कान गार पडतात."

"मग आधी फोन का नाही केलात?"

"अगं, सापडलं नाही असं तुम्हीच कबूल केलंय की! हरलेल्या माणसाला आणखी काय टोचायचं? पण आता धक्क्यावर ऐकते की हिवाळ्यात संध्याकाळची बोट बंद करताय. म्हणून केला. माझा अक्सेल तिकडे तुमच्या गावात आहे, वृद्धांच्या घरात. मी रोज त्याच्याकडे येते आणि जेवण झालं की संध्याकाळच्या बोटीनं परत जाते. दुपारची बोट धरली तर जेवायच्या आधीच उठावं लागेल. लग्न झाल्यापासून संध्याकाळचं जेवण आम्ही एकत्र जेवतो. आता माझं नाव कधीकधी विसरतो तो. पण काटेचमचे दोघांचे मांडतो, अजून."

हे ऐकिले आणि सिडसेल हिच्या हातची कॉफी निवाली. तिने ती तैसीच प्याली, चव काही कळिली नाही. मग तिने बाईंकडून पत्ता वदवोन घेतला. बाईंनी अक्षर अक्षर सांगितले: बोटी, तिरकी रेघ, व्हीबेहोम. तारीख नाही. जुन्या साइटीच्या अमदानीत जपोन ठेविलेला पत्ता, सबंध बेटाने एकमेकांस दिलेला, चर्चच्या दारावर चिकटविलेला, तोच आजतागायत चालू होता; अन्य बेटांचे प्रवासी मुखपृष्ठावर तारीख निवडोन जात, व्हीबेहोमकर मात्र थेट याच पत्त्याने.

सिडसेलने फोन ठेविला आणि चोपदाराने आजवर ज्यांस परत लाविले त्यांची नोंद उघडोन पाहिली. पाहते तो काय! व्हीबेहोमची रयत दारावर थापांवर थापा मारीत होती. पहाटे, दुपारी, तिसरे प्रहरी. वादळाचे दिवशी तर थापांचा पाऊस. आणि चोपदार एकेकास तेच वाक्य ऐकवीत होता, ज्याचा अर्थ, तारखेवाचून आलात, सबब चालते व्हा. आलेखात मोजली जात होती ती उघडलेली पाने. न उघडलेल्या दाराचे मोजमाप कोणाच्या मनीही आले नव्हते. सिडसेल हिचे कान लाल जाहले, कारण त्या चोपदारास तो हुकूम तिनेच दिला होता, आणि देताना मोठ्या दिमाखात दिला होता.

तेव्हा तिने बाह्या सावरोन पहिला हल्ला केला. फ्रेमवर्काच्या कायद्यात ऐसी सोय होती की, पत्त्यातील एखादा मानकरी, म्हणजे तारीख वा बेट ऐसा घटक, ऐच्छिक करावयाचा असेल तर त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावावे. मग तो आला तर आला, न आला तर त्यावाचून दार उघडावे. सिडसेलने तारखेपुढे प्रश्नचिन्ह लाविले. चोपदाराने मुजरा केला, तक्रार कोणतीही केली नाही. एका चिन्हात काम फत्ते, ऐसे मनात आणोन तिने साइट चढविली आणि व्हीबेहोमास फोन लाविला.

"बघा बरं आता, गुड्रूनबाई."

पलीकडे कळा दाबिल्याचा आवाज जाहला. मग बाई म्हणाल्या, "पान सापडले नाही."

"पुन्हा बघा."

"बाळ, पुन्हा बघितलं. सापडलं नाही. पण धीर सोडू नकोस, मीसुद्धा नाही सोडलेला."

पहिला हल्ला येणेप्रमाणे फसला. सिडसेल नामोहरम होवोन माघारी आली आणि फ्रेमवर्काचे कायदेपुस्तक काढोन बैसली. तेथे एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते की, ऐच्छिक मानकरी असेल तर तो शेवटीच असावा. तो मध्ये बसविला आणि त्यामागे दुसरा कोणी असेल, तर त्याचे ऐच्छिकपण व्यर्थ, चोपदार त्यास अनिवार्यच समजेल. याचे कारणही उघड होते. मधली गादी रिकामी सोडून मागचा मानकरी पुढे सरकू लागला तर ही तारीख की हे बेट, हे चोपदाराने ओळखावे कैसे? म्हणोन तारखेस उठवोन बेटाच्या मागे, अगदी टोकास बसविणे, याहून तरणोपाय नव्हता. 'बोटी/व्हीबेहोम/तारीख'. परंतु तारखेस अग्रस्थान देण्याचा हुकूम कारभाऱ्यांचा. सबब तह करावयास ती एबे यांच्या दालनी गेली.

एबे डबा उघडोन बैसले होते. राय धान्याच्या पावावर लिव्हर पाटे, म्हणजे कलेजीचा मऊ लेप, वर काकडीच्या चकत्या.

"नाही, नाही, नाही," एबे म्हणाले. "तारीख पुढेच राहणार. मंडळापुढं मी ते मुद्दाम सांगितलंय. या अख्ख्या साइटीत माझं म्हणून जे काही आहे ते एवढंच आहे, सिडसेल! रंग तू निवडलास, नकाशा तू काढलास. तारीख आधी, हे माझं."

"तुझं बरोबर आहे. पण तारीख कधी येते, कधी येत नाही. अशाला मधल्या जागेवर बसवलं की मागच्यांची पंचाईत होते."

"पंचाईत कसली?"

सिडसेलने त्यांच्या डब्याकडे पाहिले. मग तिने पुसिले, "तुझ्या आईच्या वाढदिवसाला पालेला कुठं बसवलं होतंत?"

पाले हा एबे यांचा धाकटा बंधू. तो येतो म्हणतो आणि येत नाही, येत नाही म्हणतो आणि मध्येच उगवतो; ही गोष्ट कचेरीत सर्वांस मुखोद्गत, कारण एबे दर सोमवारी तीच सांगत असत. एबे यांनी पाव खाली ठेविला.

"मधोमध. आईचा हट्ट. आणि आला नाही तो. ती रिकामी खुर्ची मध्ये, पलीकडच्या बाजूला हात पोहोचेना, बटाटे फिरत फिरत माझ्यापर्यंत येईतो गार. आत्याबाई तर खुर्चीशीच बोलत होत्या. त्यांना दिसत नाही नीट."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी त्याला टोकाला बसवायचा. आला तर बसेल. नाही आला तर कुणाला कळणारही..." येथे एबे थांबले. चष्मा कपाळावरोन डोळ्यांवर उतरविला आणि सिडसेलकडे बहुत वेळ पाहिले. मग म्हणाले, "माझ्याच भावाकडून मला हरवलंस. कर. टोकाला बसव."

येणेप्रमाणे तह जाहला. तारखेचे आसन हलविले, प्रश्नचिन्हासहित शेवटी मांडिले, आणि बुधवारी सकाळी दुसरा हल्ला केला. फोन या खेपेस व्हीबेहोमाकडूनच आला.

"सापडलं!" गुड्रूनबाई ओरडल्या. "पान सापडलं गं! मी शेजारी कळवलंसुद्धा."

सिडसेलने खुर्चीत अंग सोडोन दिले.

"फक्त," बाई म्हणाल्या, "आज बोट नाही असं म्हणतंय. आणि बोट तर मला खिडकीतून दिसतेय, धक्क्याला लागलेली. योर्न काहीतरी खातोय. शिवाय आज सोमवार आहे म्हणे."

"सोमवार? आज बुधवार आहे."

"मलाही तसंच वाटत होतं. सोमवार, एक जानेवारी."

सिडसेल खुर्चीत ताठ बैसली. तिने हळूच पुसिले, "वर्ष कुठलं दिसतंय, गुड्रूनबाई?"

"एक."

"एकच?"

"नुसतं एक. त्या वर्षी माझा जन्म नव्हता झाला गं, पण बोट नव्हती ही बातमी मात्र खरी असणार."

प्रकार ऐसा जाहला होता. चोपदाराने तारखेवाचून दार उघडिले खरे, परंतु आतील कारकुनास, म्हणजे वेळापत्रक काढोन देणाऱ्या हिशेबास, तारीख लागतेच. ती दिली नाही, तेव्हा त्याने आपल्या पदरची रिकामी तारीख घेतली, आणि त्याची रिकामी तारीख म्हणजे इसवी सनाचे पहिले वर्ष, पहिला मास, पहिला दिवस. मग त्या काळी क्लिंटेबीहून व्हीबेहोमास बोट होती की काय, हे त्याने इमानेइतबारे धुंडिले, आणि नाही ऐसे कळविले. चाकर दोघेही निर्दोष. परंतु गुरुवार दुसऱ्याच दिवशी, आणि सबंध बेट येशूच्या बाळपणी जावोन पडलेले.

सिडसेल म्हणाली, "मी असं करते. तारीख नसली की लाल अक्षरांत संदेश देते: कृपया तारीख निवडा. म्हणजे गोंधळच नको."

"का?"

"कारण तुम्ही तारीख दिली नाहीत तर मला कसं कळणार, कुठल्या दिवसाचं विचारताय?"

पलीकडे गुड्रूनबाई हसल्या. हसणे वाईट नव्हते, परंतु लांबले थोडे.

"सिडसेल, मी तुझ्या दारात येऊन 'बोट आहे का गं?' असं विचारलं, तर तू मला 'कुठल्या शतकातली?' असं विचारशील का?"

"नाही."

"काय समजशील?"

"आज, असं समजेन."

"मग तुझ्या त्या यंत्राला एवढं शिकव ना. ज्याला परवाचं हवं असतं तो परवा म्हणतो. ज्याला आजचं हवं असतं तो काही म्हणत नाही, तो कोट चढवत असतो."

सिडसेल हिने पुष्कळ विद्या संपादिली होती, आणि पुढे ऐच्छिक मानकऱ्यांवर चार शब्द बोलण्याचे निमंत्रणही तिला कोठून कोठून आले. तेथे ती हेच कोटाचे वाक्य सांगत असे आणि कोणाचे ते सांगावयास विसरत नसे. त्या वेळी तिने इतकेच केले की, फोन कानाशी तैसाच धरोन एक ओळ लिहिली: तारीख न आल्यास आजची धरावी. आणि तिसरा हल्ला केला.

"आता?"

पलीकडे कळा वाजल्या. मग बाई सावकाश वाचू लागल्या. "व्हीबेहोम. बुधवार. आजच्या बोटी. दुपारची आहे... संध्याकाळची आहे. वारा मध्यम, बोटी वेळेवर." आणि मग आवाज किंचित जड करोन म्हणाल्या, "बरं. ठेवते आता. कोट चढवते."

किल्ला सर जाहला. परंतु मोहिमेत जैसे होते की, किल्ला घेतला आणि पायथ्याशी आपलीच माणसे अडकली, तैसे येथेही जाहले. दालनातून एबे यांची हाक आली.

"सिडसेल! माझं पान सापडत नाही म्हणतंय!"

एबे यांनी मे महिन्यापासून जे पत्ते जपोन ठेविले होते, ते सर्व तारीख आधी, बेट नंतर, ऐशा त्यांच्याच लाडक्या शिरस्त्याचे. शिरस्ता पालटला आणि पहिला तडाखा शिरस्तेदारासच बसला.

"आता कळलं कसं वाटतं ते?" सिडसेलने दारात उभे राहोन पुसिले.

"फार अपमान होतो गं," एबे म्हणाले. "सापडले नाही म्हणजे काय! मी स्वतः ठेवलंय ते पान."

मग सिडसेलने तारीख पुढे करोन येणाऱ्यांसही अभय दिले: त्यांस हाकलू नये, हातास धरोन नव्या दारी पोचवावे. ऐसा हुकूम होताच एबे यांची पाने उघडली आणि त्यांच्या जिवात जीव आला.

गुरुवारी मंडळ भरले. मंडळाच्या अध्यक्षा बोडिल क्राग, शब्द तोलून वापरणाऱ्या, आणि दुसऱ्याचे शब्द त्याहून कडक तोलणाऱ्या. मेजावर ब्रुन्सव्हीअर केक, वर वितळलेल्या साखरेचा गडद थर. ज्याने त्याने आपला तुकडा पुढे ओढिला. एबे उभे राहिले आणि नवा आलेख पडद्यावर टाकिला. व्हीबेहोमची रेघ मे महिन्यापासून सपाट पडलेली, आणि अगदी शेवटास, बुधवारी, एकाएकी उभी राहोन वर निघालेली, जैसा झोपलेला मनुष्य बोटीचा भोंगा ऐकोन दचकतो.

"बेटाची लोकसंख्या काल वाढली का?" बोडिलबाईंनी पुसिले.

सिडसेल कडेस बैसली होती. तिने उत्तर द्यावयास तोंड उघडिले, तो एबे यांनी हात करोन तिला थांबविले. मंगळवारी जो मनुष्य त्याच रेघेच्या जोरावर बोट बंद करू पाहत होता, तोच उभ्या मंडळात म्हणाला:

"नाही वाढली. पाच महिने माणसं दार ठोठावत होती आणि आमचं दार बंद होतं. मी उघडलेली दारं मोजली. ठोठावणं मोजलं नाही. बोट बंद करा, असं मी आज सांगणार होतो. ते मी मागे घेतो."

"दार कुणी बंद केलं होतं?"

एबे यांनी सिडसेलकडे पाहिले. सिडसेलने एबे यांच्याकडे पाहिले.

"दोघांनी मिळून," दोघे एकदमच म्हणाले.

बोडिलबाईंनी चष्म्यावरोन आलेख पाहिला, मग त्या दोघांस पाहिले, मग केकचा एक तुकडा उचलिला. "ठोठावणाऱ्यांत एकच माणूस पुन्हा पुन्हा नाही ना?"

"एक बाई आहे," सिडसेल म्हणाली. "ती दिवसातून दहा वेळा ठोठावते. पण बाकीचेही आहेत. आणि ती एकटी असती, तरी ती रोज येते. बोट गेली तर तिला नवऱ्याचं जेवण अर्ध्यावर टाकून उठावं लागेल."

केक चावण्याचा आवाज थांबला. मग बोडिलबाईंनी ठराव सांगितला की, व्हीबेहोमची संध्याकाळची बोट हिवाळाभर चालेल, आणि येत्या काळी कोणतीही बोट बंद करण्याआधी धक्क्यावर जावोन विचारावे, नुसत्या रेघेवर विसंबू नये. आणि त्याच श्वासात पुसिले, "हा केक आणला कुणी? फारच गोड आहे." तो एबे यांनी आणिला होता. ही मोहिमेतील त्यांची दुसरी शिकस्त, आणि त्यांनी ती शांतपणे सोसली.

हिवाळी वेळापत्रक लागू जाहले त्या दिवशी सिडसेल घरी न जाता धक्क्यावर गेली आणि संध्याकाळच्या बोटीत चढली. कारण पुसाल तर, जे जिंकिले ते एकवार डोळ्यांनी पाहावे, इतकेच. काळोख लवकर पडला होता, पाणी शिशासारखे, आणि बोटीत दिवे सर्व लागलेले. इतक्यांत एक बुटकी, टोपीवाली बाई घाईने फळीवरोन आत आली आणि सिडसेलसमोर येवोन थबकली.

"एवढ्या संध्याकाळी व्हीबेहोमला कोण चाललंय बाई? पाहुणी?"

"मी सिडसेल."

गुड्रूनबाईंनी तिला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळिले. "हो? आवाजावरून मी तुला उंच समजत होते."

मग दोघी शेजारी बसल्या. अन्य प्रवासी कोणी नव्हते. एवढी मसलत, एवढे हल्ले, एवढे तह, मंडळाचा ठराव, आणि त्या सर्वांचे फळ म्हणोन एक सबंध बोट दोन बायका घेवोन काळोखात निघाली. एबे यांनी ते पाहिले असते तर आलेख काढावयास हात शिवशिवला असता. सिडसेल हिस काही सांगावयाचे होते, परंतु बाईंचे डोळे बंदर मागे पडण्याआधीच मिटले, आणि थोड्याच वेळात त्यांचे मस्तक सिडसेलच्या खांद्यावर आले. सिडसेल हलली नाही. खांद्यास कळ लागली, तरी नाही.

बेट आले. कप्तान योर्न याने नित्यासारखा भोंगा वाजविण्यास दोरीस हात घातला, काचेतून आत पाहिले, आणि दोरी सोडोन दिली. मग बोट अगदी हळू, धक्क्यास न आदळता, टायरांस नुसती टेकविली, दोरखंड स्वतः उतरोन बांधिला, आणि काही न बोलता कठड्यास टेकोन पाइप ओढीत उभा राहिला. परतीची वेळ जाहली, होवोन गेली, तो उभाच.

व्हीबेहोमची संध्याकाळची बोट येणेप्रमाणे राखिली गेली, फत्ते जाहली. त्या दिवशी बोट परतीस किती उशिरा सुटली, याची नोंद कप्तानाने केली नाही. बखरकारास ठाऊक आहे, परंतु कप्तानाचा मान राखोन तोही लिहीत नाही. लेखनसीमा.